फळ्यावरची हिमवार्ता

९ जुलै, रविवार

मोजकाठीवर एकशे अठरा सेंटिमीटर. काल दिवसभर वायव्येचा वारा आणि पाऊस. पहाटे वारा नैऋत्येला फिरला, पारा उणे सहावर गेला आणि त्याच पावसाचा बर्फ झाला. खाली काचेसारखा थर, वर चौदा सेंटिमीटर ताजे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडला की हॉटेलवाले कपाळाला हात लावतात. मला असे दिवस आवडतात. कोरड्या, एकसारख्या बर्फाचे भाकीत कोणीही करील. खरी परीक्षा अशा कुरूप हवेत असते, आणि परीक्षेला मी कधी घाबरलेले नाही.

साडेपाचला टेबलाशी बसून पत्रक लिहिले. कुठला उतार कसा, वारा कुठून, जपायचे कुठे — चार वाक्ये, एकही शब्द हलवता येणार नाही अशी. पावणेसातला ते गस्त पथकाच्या खोलीत खिळ्याला लावले. तिथून ते स्की-लिफ्टखालच्या फळ्यावर जाते. कार्यालय फळ्याचे छायाचित्र काढून सगळीकडे पाठवते. माउंट टॅरंटवर बर्फाबद्दल अधिकृत असे जे काही बोलले जाते, ते एवढेच.

सव्वाआठला लिफ्टपाशी गेले तर फळ्यावर दोन वाक्ये. "खाली काच, वर भुसभुशीत. डोंगराच्या कण्याच्या आडोशाला वाऱ्याने ढीग घातलाय, लांब राहा."

क्लेम पेंगेलीचे अक्षर. एकतीस वर्षे गस्तीत आहे आणि एकतीस वर्षे तोच फळा लिहितो. माझ्या चार वाक्यांची त्याने चटणी केली. "भुसभुशीत" हा शब्द हिमशास्त्रात नाही.

११ जुलै, मंगळवार

क्लेमशी बोलले. शांतपणे, मुद्देसूद. पत्रक जसे आहे तसे उतरवायचे, त्यात काटछाट चालणार नाही.

"लोक लिफ्टच्या रांगेत उभे असतात, डॉक्टरीणबाई, परीक्षेला बसलेले नसतात."

"मग रांगेत उभे राहून त्यांनी थोडे वाचायला हरकत नाही."

"तेही खरंच. पण कधीकधी सकाळी तुमचं ते—"

"आक्षेप असेल तर लेखी द्या."

"लेखी! माझं अक्षर कागदावर माझ्या आईलाही लागायचं नाही."

ब्रायोनी हसली. गस्तीतली सत्तावीस वर्षांची मुलगी, स्की उत्तम करते, हसते मात्र कशालाही. हसण्यासारखे काही नव्हते. मी नियम टाइप करून खिळ्यावर लावला: पत्रकावरील आक्षेप लेखी स्वरूपात, दुसऱ्या दिवशी.

आक्षेप आलेला नाही. येणारही नाही.

१४ जुलै, शुक्रवार

उणे नऊ, आकाश लख्ख. कण्यावरून दक्षिणेच्या उताराने उतरले. तो दिवसभर सावलीत. बर्फ पिठासारखा कोरडा, स्कीखाली आवाजसुद्धा नाही. बत्तीस वळणे. खाली पोहोचून मागे पाहिले तर विसावे आणि एकविसावे बाकीच्यांहून आखूड. पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेला बत्तीसही सारखी. कोणी पाहिले नाही. पाहायची गरजही नव्हती.

दुपारी उत्तरेच्या बाजूला ऊन चढले आणि स्नो-गमच्या रंगीबेरंगी फांद्यांवर गोठलेले तुषार खुळखुळत गळू लागले. असा डोंगर जगात दुसरा नाही. आल्प्स उंच आहेत, मान्य. पण तिथे झाडांना रंग नाहीत.

फळ्यावर तीन वाक्ये. याला सुधारणा म्हणावे काय?

१५ जुलै, शनिवार

एकशे सव्वीस. फळ्यावर "मस्त" हा शब्द. मस्त!

१८ जुलै, मंगळवार

क्लेम माझ्या पत्रकाने शेगडी पेटवतो. आज डोळ्यांनी पाहिले. फळा लिहून झाला, कागदाचा बोळा केला, शेगडीत टाकला, वर दोन लाकडे.

"तो दस्तऐवज आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर लगेच पेटतो. जुनं वर्तमानपत्र नुसतं धुमसतं."

"जाड कागद वापरतात त्या," ब्रायोनी म्हणाली. "शिकलेल्या माणसाचा कागद."

प्रत्येक पत्रकाची दुसरी प्रत माझ्या फाइलमध्ये जाते, तेव्हा संशोधनाच्या दृष्टीने नुकसान शून्य. प्रश्न शिस्तीचा आहे. आल्प्समधल्या इन्सब्रुकला मी तेरा हिवाळे काढले, तिथेच डॉक्टरेट, तिथेच हिमसुरक्षेची जबाबदारी. प्रमुखाच्या पत्रकाला बोट लावायची तिथे कोणाची टाप नव्हती. इथे त्यावर चहाचे आधण ठेवतात.

२२ जुलै, शनिवार

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उत्तरेचा उतार कोसळला.

तीन दिवसांचा उबदार वारा, आज सकाळपासून त्या उतारावर थेट ऊन, आणि तळाशी नऊ तारखेचा तो काचेचा थर. वरचा सगळा ओला बर्फ त्यावरून घसरला. ऐंशी मीटर रुंद. दोन स्नो-गम बुंध्यातून मोडले. मी वरून पाहत होते. आवाज आधी नव्हताच, नंतर आला, लांबच लांब मालगाडी गेल्यासारखा.

शनिवार. लिफ्टला वीस मिनिटांची रांग. उतारावर माणूस एकही नाही, कारण आठ वाजताच तिथे दोरी बांधली होती आणि फळ्यावर लिहिले होते: "उत्तरेला पाऊल टाकू नका. दुपारी सुटणार."

भाषा क्लेमची, पण निदान माझे. पहाटे अंधारात, टेबलाशी, आकडे समोर मांडून केलेले. या क्षणासाठीच माणूस शिकतो.  

२३ जुलै, रविवार

ग्वेंडाचा फोन. "अगं, तुझ्यामुळे काल मी शांत झोपले." ती या सगळ्या डोंगराची व्यवस्थापक, उगाच स्तुती करणाऱ्यांतली नाही.

२५ जुलै, मंगळवार

जुलैतल्या नाताळाचे जेवण; इथे थंडी जुलैत, म्हणून नाताळाची हौसही जुलैत. टर्की कोरडी, पुडिंग उत्तम, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट. मी घातला नाही.

ग्वेंडाने आभाराचे दोन शब्द बोलायला सुरुवात केली तेवढ्यात मागच्या टेबलावरून लिफ्टवाल्यांनी आरोळी दिली, "क्लेमचा फळा!" आणि सगळी खोली टेबले बडवू लागली. ग्वेंडाही हसली. शेवटी क्लेम उठला, जांभळा मुकुट कानावर आलेला.

"मी नुसता फळा लिहितो," म्हणाला. "अक्कल डॉक्टरीणबाईंची."

पुन्हा हशा. माझ्याकडे पाहून त्याने मान लववली. भर सभेत टोमणा मारायचा तो असा, की ज्याला लागला त्यालाच आभार मानावे लागतात. मी मानले.

२७ जुलै, गुरुवार

तक्रार लिहिली. दीड पान. अधिकृत हिमवार्तेत अधिकार नसताना, वारंवार आणि जाणूनबुजून फेरफार करणे. मूळ कागद नष्ट करणे. खाली नाव: क्लेमंट पेंगेली. तीनदा वाचली, स्वल्पविरामसुद्धा जागेवर आहे.

ग्वेंडाने वाचून चष्मा काढला.

"हे पुढे गेलं तर त्याचा बिल्ला जाईल, कळतंय ना तुला? एकसष्ट वर्षांचा माणूस. गस्तीच्या खोल्यांत राहतो. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात त्याच पायवाटा दुरुस्त करतो. त्याला दुसरं घर नाही."

"नियमाला घर नसते."

"का बदलतो ते विचारलंस?"

"कारण गौण आहे. बदलतो, हाच आरोप आहे."

तिने तक्रार दाखल करून घेतली. सुनावणी मंगळवारी दहाला. क्लेमला सांगून झाल्यावर संध्याकाळी तिने मला कळवले: तो स्वतःची बाजू मांडणार नाही. फळ्यावर जे आहे ते सगळे मीच लिहिले, एवढेच सांगतो म्हणाला.

कबुलीच ती. मला समाधान वाटायला हवे होते आणि वाटलेही.

२८ जुलै, शुक्रवार

लिफ्टच्या रांगेत ब्रायोनी माझ्या पुढे होती. जोडीची खुर्ची आली, शेजारची जागा मोकळी. तिने खुर्ची रिकामीच जाऊ दिली, नंतरची घेतली आणि मधोमध बसली.

पोरकटपणा.

२९ जुलै, शनिवार

एकशे एकतीस. नैऋत्येचा वारा ताशी सत्तर, वरच्या लिफ्टा बंद. क्लेम नेहमीसारखा सातला खोलीत. "सुप्रभात, डॉक्टरीणबाई." पत्रक खिळ्यावरून काढले, वाचले, खडू उचलला. तक्रार झाल्यावर मी त्याच्या जागी असते तर ते जसेच्या तसे उतरवले असते, केवळ सूड म्हणून. त्याने पुन्हा दोन वाक्येच लिहिली.

सवय म्हणावी की उर्मटपणा? मंगळवारी दोन्हींचा निकाल लागेल.

३१ जुलै, सोमवार

दुपारी पुराव्यांची फाइल लावायला बसले. सगळ्यात वर बावीस तारखेचे पत्रक ठेवायचे ठरवले होते. ज्या दिवशी माझ्या शब्दांनी माणसे वाचली, त्याच दिवशी त्या शब्दांचे काय केले गेले, हे ग्वेंडाने शेजारी शेजारी पाहावे.

प्रत काढली. उतरवून ठेवते.

"उत्तरेचा उतार दिवसभर सावलीत राहणार असून तेथील थर स्थिर आहेत, स्कीसाठी तोच निवडावा. दक्षिणेच्या उतारावर दुपारच्या उन्हाने ओला बर्फ घसरण्याचा संभव आहे. तेथे जाणे टाळावे."

तीनदा वाचले. वाक्ये निर्दोष आहेत. डोंगर उलटा आहे.

आपल्याकडे, दक्षिण गोलार्धात, सूर्य उत्तरेकडून तळपतो. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्या पोरांच्या वर्गातही हे सांगावे लागत नाही. दक्षिणेला ऊन, उत्तरेला सावली, हा युरोपचा हिशेब. तिथे तेरा हिवाळे रोज पहाटे हेच वाक्य लिहिले, तेव्हा हाताला ते पाठ आहे. डोंगरावर उभी असते तेव्हा मी कधी चुकत नाही. चौदा तारखेला मी स्वतः कुठल्या उतारावर सावली शोधत गेले होते? टेबलाशी, अंधारात, सूर्य उगवायच्या आधी, माझा हात इन्सब्रुकला असतो.

मग मोसमाची सगळी पत्रके काढली, आणि कार्यालयाकडून फळ्याची सगळी छायाचित्रे. नऊ. नऊ दिवस माझ्या कागदावर दिशा उलट्या आहेत. त्या नऊही दिवशी फळा बरोबर आहे. बाकीच्या दिवशी क्लेमने फक्त वाक्ये कापली. त्या नऊ दिवशी त्याने डोंगर सरळ केला. मी रोज फळा वाचत होते, तो मला खरा वाटत होता, म्हणून तो माझाच आहे असे धरून चालले होते. भाषेतल्या चुका शोधत होते.

अकरा जुलैला तो सांगायला लागला होता. मी लेखी मागितले.

बावीस तारखेला पत्रक जसेच्या तसे फळ्यावर गेले असते तर दोरी दक्षिणेला लागली असती. शनिवार होता. वीस मिनिटांची रांग होती.

आता वस्तुस्थिती, क्रमाने. खिळ्यावरची पत्रके शेगडीत गेली. जाळणाऱ्याला ती जपून ठेवता आली असती. उद्या तो तोंड उघडणार नाही. दुसऱ्या प्रती या फाइलमध्ये आहेत, फाइल माझ्या टेबलावर, आणि माझ्याही खोलीत शेगडी आहे. ग्वेंडाला काही ठाऊक नाही.

चहा केला. प्यायले नाही. बाहेर वारा पडला होता आणि डोंगराच्या उत्तर अंगावर ऊन होते, इतके स्वच्छ की वाचायला शिकवत असल्यासारखे.

तक्रारीचा मसुदा पुन्हा वाचला. चांगला आहे, भाषा घट्ट, आरोप स्पष्ट. "फेरफार करणे" काढून "चुकीची माहिती देणे" घातले. "जाणूनबुजून" काढून "तपासून न पाहता" घातले. "मूळ कागद नष्ट करणे" हे कलम सबंध खोडले. खालचे एक नाव बदलले. स्वल्पविरामांना हात लावावा लागला नाही.

१ ऑगस्ट, मंगळवार

नऊही पत्रके मीच वाचली, मोठ्याने, एकही दिशा न गाळता.  तक्रार मान्य झाली. उद्यापासून पत्रक क्लेमने सही केल्याशिवाय खिळ्याला लागणार नाही. अट मीच सुचवली.

बाहेर पडताना त्याने माझ्यासाठी दार धरले.

"नऊ नव्हे, अकरा होती, डॉक्टरीणबाई," तो हळूच म्हणाला.