एका कोयत्याचं घर

आमची बैलगाडी शाळेपुढून निघाली की आतून चौथीच्या वर्गाचा आवाज यायचा. पोरं एका सुरात कविता म्हणत असायची. नदीवरची होती. नदी डोंगरातून निघते, रानातून वळत जाते, इथवर मला ऐकू यायचं. मग चाकाखाली खडी वाजायला लागायची आणि वर्ग मागे राहायचा. दिवाळी झाली की आमची टोळी ऊस तोडायला घाटाखाली जाई, त्यामुळे पुस्तकातल्या मागच्या निम्म्या कविता मला कधी कोणी शिकवल्याच नाहीत. ती नदी पुढे समुद्राला मिळते हे मला फार उशिरा, स्वतःच वाचून कळलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं समोर बसलेले गहिनीनाथ गुरुजी म्हणतात. पण आज सकाळपासून माझ्या कानात तोच आवाज आहे, आणि डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं जे ऐकू येतं तेच लिहावं.

तर मी, मच्छिंद्र भीमा जायभाय, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी ऊसतोड, आता काही नाही, राहणार खर्ड्याच्या शिवारातली वाडी, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोळ्याला चष्मा आणि छातीत धाप, यापलीकडे मला काही झालेलं नाही. हे लिहावं म्हणून कोणी दम दिलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र दिला आहे. कोणी, ते पुढे येईल. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिले. माझी माणसं.

माझी लग्नाची बायको रतनबाई हयात आहे. ती पाथर्डी तालुक्यात तिच्या माहेरी, भावाच्या घरी असते. आमचा मुलगा कल्याण चाकणला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे; सून रोहिणी त्याच्याजवळ एका खोलीत राहते. माझ्या घरात रंगुबाई सानप राहते. ती विधवा आहे. ती माझी बायको नाही.

हे वाक्य लिहिलं तेव्हा रंगुबाई समोर शेंगा फोडत बसली होती. मी तिला वाचून दाखवलं.

"लिवा की," ती म्हणाली, "खरंच हाय ते. आन म्हातारी हाय, दात न्हाईत, ते बी लिवा. न्हाईतर कोर्टाला वाटंल, नानानं कुनी तरनी पोरगी ठिवली."

नाना म्हणजे मीच. तिच्या सांगण्यावरून लिहितो: म्हातारी आहे, दात नाहीत.

कलम दुसरे. रंगुबाई माझ्या घरी कशी आली.

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत एकटा माणूस मोजत नाहीत. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधून डोक्यावर वाहायची, दोघं मिळून एक कोयता. मुकादम कोयता म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं जोडपं असतं. एकट्याला तो अर्धा कोयता म्हणतो आणि घेत नाही.

एका हंगामात रतनबाई फडातच बाळंत झाली. मुलगी होती. पाचटावर तिला ठेवली. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिला उसाच्या बांधाला पुरून रतनबाईनं दुसऱ्या दिवशी मोळ्या वाहिल्या, कारण गाडी भरायची होती. घरी परतल्यावर ती म्हणाली, "मी आता फडात पाय ठिवनार न्हाई. तुमी जावा न्हाईतर ऱ्हावा." तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

पण घरात धान्य नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीला आबासाहेब मुकादमाच्या दारात मी उभा होतो आणि पलीकडे रंगुबाई उभी होती. तिचा नवरा सर्पदंशानं गेलेला. तिलाही कोणी घेत नव्हतं. आबासाहेबानं आधी मला पाहिलं, मग तिला, आणि हसला.

"तू अर्धा, ही अर्धी. व्हा एक कोयता आन बसा गाडीत."

एका कोयत्याला राहायला एकच कोपी मिळते. पाचटाच्या त्या कोपीत आम्ही मधोमध तिचं जुनं लुगडं बांधलं होतं. लुगड्याच्या अलीकडं मी, पलीकडं ती. पुढं काय झालं, काय नाही, हे ज्यांना माझ्या मातीनंतर चघळायचं त्यांनी चघळावं. या कागदाला त्याची गरज नाही.

कलम तिसरे. सिनेमा, व त्यात कोण होतं.

त्याच हंगामात मुंबईचे साहेब लोक कॅमेरा घेऊन फडावर आले. ऊसतोड्यांवर सिनेमा करायचा होता, आणि नट नको, खरी माणसं हवी होती. मोठ्या साहेबानं आम्हा दोघांकडं बोट दाखवून विचारलं, "हे नवरा-बायको का?"

"ह्यो एक कोयता हाय, साहेब," आबासाहेब म्हणाला.

साहेबांना उत्तर मिळालं. आम्हाला कोणी विचारलं नाही. सिनेमात मी बाप झालो, रंगुबाई आई झाली.

त्या सिनेमाला दिल्लीचं बक्षीस मिळालं. आता कॉलेजची पोरं येतात आणि सांगतात की तुमचा सिनेमा आम्हाला अभ्यासाला आहे. पण पडद्यावरच्या नावांत आमची नावं नाहीत. शेवटी फक्त 'आणि ऊसतोड कामगार' एवढं येतं. म्हणून ती इथं लिहून ठेवतो. बाप: मच्छिंद्र. आई: रंगुबाई. चुलता: हनुमंत गिते, जो पुढच्याच वर्षी ट्रॉलीखाली सापडला. मुलगी: आमच्या टोळीतली सविता. तिला एकच वाक्य होतं, "आई, गाव कधी येनार?" आणि ते तिनं साहेबांनी सांगायच्या आधीच, आपणहून म्हटलं होतं. सविता आजही देवळाली प्रवरेच्या बाजूला ऊस तोडते. तिची मुलगीही तोडते.

सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा ग्रामपंचायतीपुढं सगळा गाव जमला होता. बायकांमध्ये रतनबाई होती, मांडीवर कल्याण. पडद्यावर रंगुबाईनं माझ्या पायातला काटा काढला आणि तिथंच फुंकर घातली. साहेबांनीच घालायला लावली होती. गावानं शिट्ट्या मारल्या. रतनबाई उठली, पोराला कडेवर घेतलं आणि गेली. सिनेमा अजून निम्माही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती माहेरी होती, आणि त्यानंतर या गावात आली नाही.

कलम चौथे. घर.

वाडीतली एक गुंठा जागा व तीवरच्या पत्र्याच्या दोन खोल्या, मोरी, पुढचा कडुनिंब, ही मिळकत वडिलोपार्जित नाही. रंगुबाईनं आणि मी पुढंही हंगामामागून हंगाम जी तोड केली त्या मजुरीतून ही जागा घेतली. कोयत्याची मजुरी गड्याच्या हातात पडते, म्हणून खरेदीखतावर माझं एकट्याचं नाव आहे. मोळ्या वाहून तिच्या डोक्यावरचे केस गेले. ते खरेदीखतात दिसत नाहीत.

या दिवाळीला कल्याण आला होता. अंगणात उभं राहून, शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाला, "नाना, तुमचं दहावं झालं की हिचं गाठोडं रस्त्यावर. माझ्या आईचं घर खाल्लं हिनं. आणि घर हिच्या नावावर लिहिलंत तर याद राखा."

"दहाव्यापातूर थांबतोस व्हय?" रंगुबाई म्हणाली. "लई उपकार झाले, बाबा."

ती हसली, पण त्या दिवसापासून तिनं तिची लुगडी पेटीतून काढून खरंच गाठोड्यात बांधून ठेवली आहेत. रोज संध्याकाळी ते गाठोडं कोपऱ्यात दिसतं. मी सोड म्हणालो तर म्हणते, "ऐनवेळी बांधायला हात चालत न्हाईत."

सबब मी लिहून ठेवतो की वरील घर व जागा माझ्या पश्चात रंगुबाई सानप हिच्या मालकीची होईल. तिनं ती वापरावी, विकावी, कोणाला द्यावी, ती मुखत्यार राहील. कल्याणने, त्याच्या वारसांनी वा भावकीने तिला हरकत घेऊ नये. हे मी तिला बक्षीस देत नाही. तिचं निम्मं तिचंच होतं, आणि माझं निम्मं मला वर न्यायचं नाही.

कल्याण, तुझा राग खोटा नाही. मामाच्या घरी तू उष्ट्यावर वाढलास हे मला माहीत आहे. पण तुझ्या आईला ज्यानं घराबाहेर काढलं तो माणूस रंगुबाई नव्हती. तिलाही कोणीतरी गाडीत बस म्हटलं होतं.

कलम पाचवे. जमीन.

माळावरची कोरडवाहू जमीन आजोबांपासूनची आहे. ती कल्याणची आहेच. तिच्या पिकाचा निम्मा वाटा त्यानं आईला पोचवावा. पोचवील असं मला वाटत नाही, तरी लिहितो.

कलम सहावे. किरकोळ.

दोन कोयते आढ्याला खोवलेले आहेत. ते भंगारात घालावेत. कुणाच्या हातात देऊ नयेत, मागितले तरी.

साहेबांनी जाताना दिलेला सिनेमातला कंदील सवितेला द्यावा. उजेड पडत नाही, वात संपली आहे, पण तिच्या लेकीला सांगायला होईल.

हनुमंताचा नातू करण याला फोनवर सिनेमातला तो प्रसंग दाखवावा, जिथे हनुमंत गाडीच्या जुवावर बसून हसतो. घरात त्याचा एकही फोटो नाही. आजा हसायचा कसा, ते पोरानं पाहावं.

माझी जुनी मराठीची वाचनमाला, पहिलीपासून सातवीपर्यंत, रद्दीवाल्यांकडून एकेक करून जमवलेली, ती वाडीच्या शाळेला. अट अशी की जी पोरं दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणार, त्यांना कविता शेवटून शिकवाव्यात. पहिल्या निम्म्या कविता मागे राहिलेल्या पोरांना शिकवायला गुरुजींना पुष्कळ वेळ असतो. यावर गहिनीनाथ गुरुजी म्हणाले, "नाना, वरून साहेब तपासायला आले तर?" मी म्हणालो, त्या साहेबालाही शेवटची कविता विचारा.

कलम सातवे. माझी माती.

अग्नी कल्याणने द्यावा. आबासाहेब मुकादम अजून जिवंत आहे; त्याला येऊ द्यावं, बसू द्यावं, चहा द्यावा. खांदा देऊ देऊ नये. त्याच्या खांद्यावर मला जायचं नाही, त्याच्या गाडीतून पुष्कळदा गेलो.

माझी बातमी पोचल्यावर रतनबाईचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला माहेरच्या बायकांनी जाऊ नये. ज्या नवऱ्यानं कुंकवाला कधी सावली दिली नाही त्याच्या नावानं ते पुसायचं कशाला? तिला वाटलं तर ठेवील, नाही तर नाही.

रंगुबाईला कोणी रडायला लावू नये. ती रडत नाही. पाणी आणायला जाते आणि उशिरा येते.

कलम आठवे. साक्षीदार.

गुरुजी सांगतात की दोन साक्षीदारांच्या देखत सही केल्याशिवाय या कागदाला किंमत नाही. पहिले ते स्वतः आहेत. दुसरा मिळत नाही. निम्मी वाडी हंगामाला गेली आहे. जे मागे आहेत ते आमच्या भावकीतले, नाही तर भावकीला भिणारे. किराणावाला वाल्मिक पेन हातात घेऊन घराचं कलम वाचून म्हणाला, "नाना, तुमी जाल. मला हितंच ऱ्हायाचंय." पेन परत दिलं. त्याचा राग नाही. त्याचं दुकान कल्याणच्या चुलतभावाच्या जागेत आहे.

गुरुजींची उद्या बदलीच्या गावी हजेरी आहे. आज सही झाली नाही तर हा कागद तसाच राहील, आणि माझ्या छातीचा भरवसा नाही. रंगुबाईनं कोपऱ्यातलं गाठोडं जरा आणखी आवळून बांधलं, हे मी पाहिलं. दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघत सही न करता बसलो आहे.

दुपारची एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कुत्रं भुंकलं. रंगुबाई उठून दाराशी गेली आणि तिथंच उभी राहिली, बाजूला होईना. मी म्हटलं, कोण आहे? मी उठून तिच्या खांद्यावरून पाहिलं. अंगणात रतनबाई होती. केस पांढरे झालेले, पण उभी राहण्याची ढब तीच. पुढचं मी ती असतानाच लिहीत आहे, गुरुजी नको म्हणत असताना.

"सकाळी कल्यानचा फोन आल्ता, त्याला हितनं कुनीतरी कळवलं," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. "म्हनला, जा आन त्यो कागद फाड. तू लग्नाची हायेस, तुला कोन आडवतंय." मग गुरुजींना म्हणाली, "घराचं तेवढं वाचा."

गुरुजींनी घराचं कलम वाचलं. गाठोड्याचं वाक्यही वाचलं. रतनबाईनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"तुला म्हागं कोन हाय गं?" तिनं रंगुबाईला विचारलं.

"कुनी न्हाई, बाई."

"मला हायेत. भाऊ हाय, भाच्चं हायेत, ल्योक हाय. पडवीत निजते मी. पाऊस आला की हातरून पायाकडनं भिजतं. तुला म्या माफ केल्यालं न्हाई, रंगू. मरंस्तवर करनार बी न्हाई. पन आनखी एक बाई पडवीत निजवायची, ते माझ्या हातनं व्हायचं न्हाई. गुर्जी, अंगठा चालतो का?"

"चालतो," गुरुजी म्हणाले.

"आत तरी या," रंगुबाई म्हणाली. "पानी घ्या."

"घरात न्हाई येनार मी. शाई हितं आना."

रंगुबाईनं शाईचा डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला.

लिहून देणार: मच्छिंद्र भीमा जायभाय. सही, दोघांच्या देखत.

स्थळ: वाडी, खर्डा शिवार, ता. जामखेड. दिनांक: १९ जानेवारी २०२६.

साक्षीदार पहिले: गहिनीनाथ गोरक्ष बडे, प्राथमिक शिक्षक. सही.

साक्षीदार दुसरी: रतनबाई मच्छिंद्र जायभाय. डाव्या हाताचा अंगठा, उंबऱ्याबाहेरून.