सातव्या खांबावरचा रिकामा डबा

६ जून
पोचले एकदाची! कोचाबाम्बाहून आठ तास बस, शेजारणीच्या मांडीवर कोंबड्यांची टोपली, तरी मजा आली. चार हजार मीटर उंचीवरच्या एल आल्तोत उतरून सामान घेऊन शंभर पावलं चालले आणि धाप लागून फुटपाथवरच बसले. वस्तीच्या अध्यक्षीणबाई, दोन्या (म्हणजे बाई) प्रिमितिव्हा, न्यायला आल्या होत्या. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, अगं खालची माणसं पहिला आठवडा अशीच तोंड वासून फिरतात, मग एक तर सवय होते नाहीतर घरी पळतात, तू कुठल्यातली ते बघू. मग जांभळ्या मक्याची गरम आपी पाजली आणि धाप लागली की चघळ म्हणून कोकाची पानं हातात कोंबली. बाई मोठी ठसकेबाज आहे. एवढा वारा सुटतो, पण डोक्यावरची गोल टोपी हलत नाही. मला ‘इंजिनियरबाई’ म्हणते, अर्थात चिडवायला.

सभागृहामागची खोली मिळाली आहे. वस्तीत चोरांवर नजर ठेवायला कॅमेरे लावायचं माझं काम, त्यांचा रेकॉर्डर आणि पडदाही इथेच बसवायचा. खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. मी इथे रमणार.

९ जून
वस्तीत सोळा खांब आणि ऐपत सहा कॅमेऱ्यांची. मी नेहमीचा स्वस्त तोडगा सुचवला: सहा खांबांवर खरे कॅमेरे, दहांवर नुसते डबे, आत बॅटरीवर लुकलुकणारा लाल दिवा. चोराला काय कळतंय! बाईंना पटलं, पण त्यांनी बजावलं की हे तुझ्यामाझ्यातच राहू दे, ज्यांच्या दारात डबा येईल ते माझी टोपी तुडवतील.

जागा ठरवायला दिवसभर फिरलो. प्रत्येकाला कॅमेरा हवा, पण शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड केलेला. म्हातारा सेवेरो पोमा म्हणाला, माझ्याकडे काय बघायचंय, त्या पलीकडच्या भाडेकरूकडे बघा. हा भाडेकरू म्हणजे फेर्मिन, दूरच्या पोतोसीकडचा, जोडे दुरुस्त करतो. इथे भाडेकरू म्हणजे अर्धा चोरच. त्याच्या आणि पोमाच्या दारासमोरच्या सातव्या खांबावर एक बुजगावणं टांगलं आहे, गळ्यात पाटी: चोर सापडला तर जाळू. मी ते बाजूला सारून डबा ठोकला. बाई म्हणाल्या, त्याला डबाच पुरे, भाडेकरूला नुसती भीतीच पुरते.

१४ जून
कॅमेरे चालू झाले आणि लोकांचं माझ्याशी बिनसलं. मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. पाववालीनं सगळ्यांदेखत विचारलं, काय गं, आमच्या परसातले घागरे मोजतेस का? सगळ्या हसल्या. मी मेले तरी हसणार नव्हते. एका फेर्मिननं तेवढी विचारपूस केली. म्हणाला, ताई, मी इथे नऊ वर्षं आहे आणि अजून मला नवा म्हणतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्या बुटाचा तळ उकललेला पाहून, दोन-चार दिवसांत येऊन शिवून देतो म्हणाला.

१७ जून
हे शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

पडद्यावर सोळा चौकटी आहेत. सहांत चित्र असतं, दहा काळ्या. आज सकाळी सातवी उजळली. फेर्मिन पोमाच्या फाटकातून बाहेर येतोय, खांद्यावर पिवळा गॅस सिलिंडर. कोपऱ्यात तारीख, १८ जून, सकाळचे अकरा. म्हणजे उद्याची.

सातव्या जागेला वायरच नाही. मग चित्र येणार कुठून? यंत्र बंद करून चालू केलं, तरी चित्र तिथेच. खांबावर चढून डबा उघडला. बॅटरी, दिवा, धूळ. बाकी काही नाही.

हवा विरळ आहे. डोळे फसत असतील. कोणाला सांगितलं नाही.

१८ जून
अकराला फेर्मिन माझ्या पायरीवर बसून माझा बूट शिवत होता. मी समोर मोजा घालून उभी होते. हे मला पक्कं माहीत आहे.

साडेअकराला शिट्ट्या सुरू झाल्या. इथे घरोघरी शिट्टी असते, एकानं वाजवली की सगळे बाहेर पडतात. पोमाचा सिलिंडर गेला होता. सगळी गल्ली माझ्या खोलीत घुसली. बाईंनी स्वतः बटण दाबलं. सातवी चौकट उजळली.

कालचंच चित्र: फेर्मिन, खांद्यावर सिलिंडर. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो डबा रिकामा आहे हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्या कानाशी लागून म्हणाल्या, तोंड उघडलंस तर दोघी लबाड ठरू, आणि मग त्याच्या शेजारचा खांब तुझा.

फेर्मिन ओरडून सांगत होता की मी ताईंच्या पायरीवर होतो, ताईंना विचारा. सगळ्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, मला आठवत नाही.

१९ जून
फेर्मिन गेला. खांबाला बांधला होता. पोलीस आले तोवर सगळं आटोपलं होतं. मी बाहेर गेले नाही. तिसऱ्या चौकटीत पाहिलं. तो कॅमेरा खरा आहे. शेवटपर्यंत फेर्मिन माझ्या खोलीच्या दिशेनं मान वळवत होता.

माझी मलाच किळस येते.

२० जून
पोमाची सून लिदिया आली. पाठीवर तान्हं. दार लावून घेतलं आणि माझे पाय धरले. म्हणाली, ताई, चोरी झालीच नव्हती हो. गॅसची गाडी आली, मी रिकामा सिलिंडर भरायला दिला, भरलेले संपले होते म्हणून गाडीवाला म्हणाला उद्या आणतो. मी धुणं घेऊन नदीवर गेले. परत आले तेव्हा त्याला बांधलेलं होतं. सासऱ्यापुढे तोंडच उघडेना. काल नवा सिलिंडर आला तो गवताखाली लपवलाय.

कोणाला सांगू नका म्हणाली. मी नाही सांगणार म्हटलं. तिला काय बोलणार? ती घाबरली, मी घाबरले. पण मी तर तिथेच उभी होते.

२१ जून, सकाळ
पोलीस उद्या कॅमेरे न्यायला येणार, पुरावा त्यांच्या हाती लागू नये म्हणून पोमानं सातव्यावरचा डबा उतरवला. रस्त्यात आपटून फोडला. आत काहीच नाही. सगळ्यांनी पाहिलं.

आता ओरडताहेत की मी चित्र बनवलं, मी त्यांच्या हातांना रक्त लावलं. बाई आपल्या आईची शपथ घेऊन सांगताहेत की मला काही ठाऊक नव्हतं, हिनंच फसवलं. दाराला बाहेरून कडी घातली आहे. दोनला सभा. गैरहजर राहिलेल्याला इथे माफी नसते, तेव्हा सगळे येतील.

२१ जून, दुपार
डबा फुटून पडला आहे. तरी सातवी चौकट उजळली.

आजची तारीख. दोन वाजलेले. माझं दार, माणसंच माणसं. मी बाहेर येते. काहीतरी बोलते, ऐकू येत नाही. मग हात वर करते — बोट दाखवते —

लिदियाकडे.

सगळे तिच्याकडे वळतात. मी पिशवी उचलून बसच्या दिशेनं चालू लागते. मागे वळून बघतसुद्धा नाही.

नाही. मी असं करणार नाही. तिच्या पाठीवर मूल आहे.

पावणेदोन
मोठ्यानं म्हणून पाहिलं: डबा रिकामा होता, फेर्मिन माझ्या पायरीवर होता, मी खोटं बोलले. एवढंच तर आहे. तीन वाक्यं. तिसऱ्याला आवाज फुटत नाही.

पिशवी भरलेली आहे. मी कधी भरली?

दोन
कडी काढताहेत. उजवा हात खिशात घातलाय, डाव्यानं लिहितेय. काढणार नाही. काहीही झालं तरी —

दार उघडलं. पेट्रोलचा वास. लिदिया अगदी पुढे उभी आहे, माझ्याकडेच बघतेय, तिला वाटतंय मी सांगणार नाही — मी नाही सांगणार — बाई विचारताहेत, बोल, मग सिलिंडर कोणी नेला — हात खिशातच — खिशात होता — आता तो