खंडेनवमीची हळद आणि डोंगल

गुरुवार, संध्याकाळ

जिच्या गल्लीतून मी रोज चकरा मारतो ती स्नेहल काल तोंडावर म्हणाली, "आधी कॉलेजला परत जायचा फॉर्म भर, मग माझ्याशी बोल." मोबाईलवर फॉर्म उघडेना, म्हणून घरच्या कॉम्प्युटरला वायफायचा डोंगल आणला. ड्रायव्हर टाकला, तरी तासभर डोंगलचा दिवाच लागेना. आपटणारच होतो. टॉर्च मारून बघितलं तर पुढच्या यूएसबीत हळद-कुंकू गच्च बसलेलं. पप्पांनी खंडेनवमीला शिरोलीच्या कारखान्यातल्या त्यांच्या लेथ मशीनसारखी कॉम्प्युटरचीपण पूजा केलेली.

त्यांच्यावर ओरडलो. ते जेवता जेवता म्हणाले, "मशीन हाय ते, पूजा नको व्हय? आणि मागं बी भोकं हाईत की."

मागं लावला. हिरवा दिवा लागला. मला एवढं ओरडायची गरज होती का?

फॉर्मवर विचारलंय, शिक्षण का सोडलं. आधी 'सरांनी अपमान केला' असं लिहिलं. दिव्याकडं बघताना पप्पांवर ओरडलेलं आठवलं. मग ते खोडून 'माझा राग' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

स्नेहल काय म्हणेल कुणास ठाऊक. पण उद्या तिच्या गल्लीतून मान वर करून जाणार.