बारा सेकंद

प्रिय सुषमा,

दोनदा तुला फोन लावला. तुझा आवाज आला आणि दोन्ही वेळा मी काहीतरी भलतंच विचारून ठेवून दिला. म्हणून नवापूरहून हे पत्र लिहितेय. धडगावच्या दवाखान्यातली तुझी ड्यूटी संपली की सावकाश वाच. अर्ध्यावर टाकू नकोस, एवढंच मागणं.

आधी घरचं सांगते. तुझे बाबा, आमचे जेठ्याकाका, दवाखान्यातून सुटल्यापासून आमच्याकडेच आहेत. माझा भाऊ दानियल रोज त्यांच्या भाजलेल्या हातांची मलमपट्टी करतो आणि माझी आई नागलीची भाकर कुस्करून भरवते. पहिले दोन दिवस त्यांना फार लाज वाटली. तोंड फिरवून बसायचे. मग आई म्हणाली, "तुमची रेवाबाई असती तर तिच्या हातचं खाल्लंच असतंत ना?" तेव्हा कुठे तोंड उघडलं. उजव्या हाताची बोटं आता थोडी हलतात. डाव्याला वेळ लागेल.

आगीनंतर त्या दिवशी दवाखान्यात मी दाराशीच उभी होते, हे तुला आठवत असेल. गोदामाच्या मालकाने सगळ्यांना सांगितलं होतं की राखणदाराने, म्हणजे काकांनीच, बिडी ओढली आणि आग लागली. तू घाट उतरून तशीच आली होतीस. काकांचे हात कापसात गुंडाळलेले, आणि तू म्हणालीस, "आई खोकून खोकून गेली. तिच्या उशाशी बसून शपथ घेतली होती ना तुम्ही?" ते एवढंच म्हणाले, "पोरी, मी नाही ओढली." तू ऐकलं नाहीस. मी तुला दोष देत नाही, सुषमा. त्यांच्याविरुद्ध कागद होता. गोण्यांतली पांढरी पावडर आगीला हातभार लावणारी नाही, असं त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. मग आग माणसानेच लावली असणार, असं कोणालाही वाटलं असतं.

तो कागद आमच्या लॅबचा होता.

माझ्या कामाचं तुला नेहमी हसू यायचं. "एवढं शिकलीस आणि पावडरी पेटवून बघतेस!" म्हणायचीस. ते खरंच तसं आहे. काही पावडरी स्वतः जळत नाहीत, पण शेजारी लाकूड, कागद, गोणपाट असलं की त्याला असा प्राणवायू पुरवतात की साध्या ठिणगीचा भडका होतो. तशी पावडर ओळखायला ती सेल्युलोजच्या कोरड्या भुकटीत मिसळायची, तीस ग्रॅमचा निमुळता ढीग करायचा, खालची तार विजेने तापवायची आणि घड्याळ लावायचं. मग एका ठरलेल्या रसायनाचा तसाच ढीग जाळायचा. आपला ढीग त्याच्याइतक्या किंवा त्याहून कमी वेळात जळाला, तर गोण्यांवर धोक्याची खूण लावायची आणि त्या बाकीच्या मालापासून लांब ठेवायच्या. हे सगळं पाच-पाच वेळा करायचं.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी काका अंगणात बसले होते. आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एवढी माणसं म्हणतात, तर ओढलीही असेल मी. म्हातारा झालो, आठवत नसेल." सुषमा, ते ऐकून मला हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. खरं बोलणारा माणूस स्वतःलाच खोटा ठरवायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जपून ठेवलेला त्या पावडरीचा नमुना काढला. सेल्युलोज चार तास ओव्हनमध्ये वाळवलं. तुलनेचा ढीग जळायला दीड मिनिट लागलं. पावडरीचा ढीग बारा सेकंदांत संपला. पुन्हा केलं, बारा. पाचही वेळा एखाद्या सेकंदाचाच फरक. पंचनाम्यात मागच्या भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाची तार वितळल्याचं लिहिलंय. एरवी तिची ठिणगी जागीच विझली असती. इथे खाली गोणपाटावर सांडलेली पावडर होती.

आमचे राजेंद्र सर शहाद्याकडचे. मी आकडे पुढे ठेवले, ते त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, "ताई, हाई बाहेर गयं तर तुन्हं नाव जाई, मन्ही लॅब जाई." मी म्हटलं, त्याच पावडरीच्या गोण्या दुसऱ्या गोदामात अजून लाकडी फळ्यांवर पडल्या आहेत, आणि तिथे रोज बाया काम करतात. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि दुरुस्त अहवालावर सही केली. शुक्रवारी आम्ही दोघं जाऊन तो अहवाल तपास अधिकाऱ्यांच्या हातात देऊन आलो. त्याच दिवशी दुसऱ्या गोदामातल्या गोण्या हलवल्या. माझं चाचण्यांचं काम सध्या थांबवलंय. पुढे काय होईल ते होईल.

आता जे फोनवर बोलता येत नव्हतं ते. माल गोदामात जाण्याआधीची ती पहिली चाचणी मीच केली होती. ऑगस्टचे दिवस, सकाळपासून वीज नाही, ओव्हन बंद. सेल्युलोज दमट होतं, हे हाताला कळत होतं. अहवाल न्यायला आलेला माणूस बाहेर बसलेला, म्हणून सर दोनदा विचारून गेले, "पार्टी बठेल शे, आते किती टाइम?" पाच वेळा करायचं ते मी एकदाच केलं. ढीग धुमसत राहिला. तुलनेचा आकडा उन्हाळ्यातल्या जुन्या वहीतून उतरवला आणि खाली सही केली. त्या सहीच्या जोरावर तुझ्या बाबांना खोटं ठरवलं गेलं.

शनिवारी त्यांच्यासमोर बसून हे सगळं सांगितलं. मला वाटलं, ते उठून जातील. पण म्हणाले, "म्हणजे मी नाही ओढली." मी मान हलवली. ते लहान मुलासारखे रडले, आणि मीही. मग म्हणाले, "हे सुषमाला तू लिही. माझे हात चालत नाहीत, आणि मी सांगितलं तर तिला पटायचं नाही." म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तो तुझा हक्क आहे. पण रजा काढ आणि ये. दुपारी धडगावची जीप यायच्या सुमाराला ते रोज फाट्यापर्यंत चालत जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणतात.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
प्रिस्किला