वहिनीला ऐकू आलं ते

१४ डिसेंबर १९७८

बोकारे मॅडमनी आज शब्द-साहचर्याचा प्रयोग दिला. आपण एक शब्द म्हणायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि उत्तराला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं. बारावीला मानसशास्त्र घेतलं तेव्हा बाबा हातमागावरून न उठताच म्हणाले होते, "मनाचं कोणतं शास्त्र असते वं?" आता दाखवते त्यांना!

सरावाला घरचं माणूस चालेल म्हणाल्या. आईला वेळ नाही. दादा हसेल. राहिली वहिनी — पण वहिनी बोलते कुठं आजकाल?

१६ डिसेंबर

दुपारी माग थांबले तेव्हा गोपिकावहिनीला मागच्या अंगणात घेऊन बसले. दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली — दिवस भरायच्या आत, मेलेलीच. तेव्हापासून ती मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरते, भाकरी टाकते, आणि गप्प असते. स्वतः मात्र दोन घास खाल्ले तर खाल्ले.

"चूल." — "धूर." "दोरा." — "गाठ." भराभर! मला वाटलं, किती सोपं आहे हे. मग मॅडमनी दिलेला पुढचा शब्द म्हटला. "आई."

काटा फिरत राहिला. वहिनी माझ्याकडे बघत होती, पण मी काही तिला दिसत नव्हते.

"अनूबाई, माही पोरगी रडली होती. मी आयकलं."

हे काही एका शब्दाचं उत्तर नव्हे. मी घड्याळ बंद केलं.

१७ डिसेंबर

आईला सांगितलं. "मेलेलं लेकरू रडते काय? आपला अभ्यास कर," म्हणाली. मग उगाच डब्यावर डबे आपटले.

२० डिसेंबर

सापडलं! निर्वस्तुभ्रम. समोर काहीच नसताना दिसणं, ऐकू येणं. वहिनीला लेकरू हवं होतं, ती अर्धवट शुद्धीत होती — म्हणून तिला रडणं ऐकू आलं. किती नेमकं बसतं!

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. वहिनी आत भांडी घासत होती. दादाचा घास हातातच राहिला.

"म्हणजे येड लागलं तिले?"

"येड नाही रे दादा, भ्रम."

"एकच झालं ना वं!"

एकच नाही. पण फरक काय ते मला नीट सांगता आलं नाही.

२४ डिसेंबर

दादानं माझा शब्द घरोघर नेला. विणकरांच्या सोसायटीत कारकून आहे तो, शंभर लोकांशी बोलणं. आज नळावर दोघी जणी मला विचारत होत्या, "तुही भावजय भिंतीसंगं बोलते म्हणे?"

दुपारी यमुताई आत्या आली. ओसरीत बसून दादाला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "विश्वनाथ, जिंदगी पडली आहे तुह्यी. माह्या पाहण्यात एक पोरगी आहे." दादा नाही म्हणाला नाही!

वहिनी तिथंच चहा घेऊन उभी होती. एक थेंब सांडला नाही तिनं.

२ जानेवारी १९७९

तास संपल्यावर मॅडमना गाठलं. नाव न घेता सांगायचं ठरवलं होतं, पण दोन वाक्यांतच "माझी वहिनी" तोंडून गेलं. मला वाटलं शाबासकी देतील.

"तिनं नेमकं काय ऐकलं, विचारलंस?"

"नाही."

"मग तुला माहीत काय आहे, अनसूया? पुस्तकातला शब्द माणसाला चिकटवायला सोपा असतो. काढायला जड."

कान तापले. घरी येईपर्यंत तापलेलेच होते.

३ जानेवारी

वहिनी कांड्या भरत होती, तिच्याशेजारी जाऊन बसले. घड्याळ नाही, काही नाही. विचारलं.

तिनं दोरा गुंडाळायचा रहाट थांबवला. मग म्हणाली, "तुळसाबाई सुईण होती अन् मामी होत्या. माहं तोंड भिंतीकडं. बारीक आवाज आला, मांजराच्या पिलावानी. थांबे, मंग पुन्हा येये. मी म्हटलं, द्या ना मले. कोणी बोललं नाही. मंग दार लोटलं."

"मग?"

"मंग मामी म्हणाल्या, मेलेलं होतं." मामी म्हणजे माझी आई.

रहाट पुन्हा सुरू. मी उठले, तर तिनं माझा हात धरला. "तुमी शिकून राहिल्या. तुमीच सांगा, येडी आहो का मी?"

मी हात सोडवून घेतला. पंधरा दिवसांपूर्वी किती बोलत होते!

५ जानेवारी

दादानं वहिनीच्या वडिलांना उमरेडहून बोलावलंय. रविवारी येणार. "घेऊन जा म्हणतो. बरी झाली तर पाहू," म्हणाला. मी विचारलं, बरी झाली हे ठरवणार कोण? — तर तूच, म्हणे!

पुस्तक उघडवत नाही.

७ जानेवारी

वहिनीचे वडील, चंपतराव, आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पाणीही घेतलं नाही. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी. बाबा खाली मान घालून. आई स्वैपाकघरातून बाहेरच आली नाही, व्याही घरात असून!

दादा म्हणाला, "मी माह्या मनानं नाही सांगत, मामाजी. शास्त्रात आहे. अनू, पुस्तक आण."

आणलं. पान सापडेना. सापडलं तेव्हा वहिनीकडे बघितलं. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती, आरोपी न्यायाधीशाकडे बघतो तशी.

"वाच ना वं!"

"मी नाही वाचत."

"काहून?"

"यात वहिनीचं काही लिहिलेलं नाही. भ्रम मी म्हटलं होतं, न विचारता म्हटलं होतं. ती रडणं ऐकलं म्हणते. खोटं असेल तर तुळसाबाईला बोलवा, तिला विचारू सगळ्यांसमोर."

दादा उठला. हात उगारला. बाबांनी मधेच धरला. आत काहीतरी खळ्ळकन पडलं.

चंपतरावांनी टोपी घातली. "राहू दे, पोरी. भांडून लेक नांदत नसते. सकाळच्या मोटारीनं नेतो मी तिले." वहिनी आत गेली, लुगडी बांधायला.

काहीच झालं नाही माझ्या बोलण्यानं. काहीच.

८ जानेवारी

वहिनी गाठोडं घेऊन वडिलांमागं निघाली तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "रडली होती, गोपिका. सातव्याची, एवढीशी. जगणार नाही म्हणाली तुळसाबाई. जवळ दिली असती तर तू सोडली नसती. म्हणून मेलेली सांगितली."

दादा ओसरीत मट्‌कन खाली बसला.

वहिनीनं विचारलं, "कवापर्यंत होती?"

"दिवस बुडेस्तोवर."

मग दादानं उठून गाठोड्याला हात लावला, "राहू दे, नको जाऊ आता."

तिनं ते त्याच्या हातून काढून घेतलं. "काल तुमी धाडत होते. आज मी चालली."

दादा मोटारस्टँडपर्यंत मागंमागं गेला. एकटा परत आला.