उकळलेला दगड

१३ मे, सोमवार

आजही काचेच्या टाकीतली कोरल, ती जिवंत प्रवाळं, उघडली नाहीत. हिरवी तर सगळीच मिटलेली. शर्टाच्या बटणाएवढी एकेक तोंडं, एरवी टाकीचा दिवा लावला की पाच मिनिटांत फुलतात — आज मी कंपनीतून येईपर्यंत तशीच आवळून बसलेली. कोरल चिकटलेल्या तीन दगडांवर पांढरा बुरा. शनिवारी सात तास लाईट नव्हती, टाकीतलं खारं पाणी तापलं, तेव्हापासून हे सुरू झालंय.

कागलहून येताना रस्ताभर एकच — आज काय मेलं असेल?

अवंतिका म्हणाली, "अहो, आधी हातपाय धुवा. मग बघा तुमचा समुद्र." हसलो. पण जेवण गेलं नाही.

१४ मे

नृसिंहला फोन केला. बेळगावचा माणूस, ही सगळी कोरल त्याच्याकडूनच आणलेली. "आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढ," म्हणाला. बुडवली. प्रत्येक दगडाला दोनदा घड्याळ बघितलं! फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा नमुना घेतानाही एवढं जपत नाही.

१५ मे

तीन दगड गेले. वास सुटलाय.

१६ मे, गुरुवार

रजा टाकली. मेलेले तीन दगड बाहेर काढले. फेकवेनात. उकळून घासले की परत वापरता येतील असं वाटलं. जुनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि मी हॉलमध्ये टाकीचं पाणी बदलत बसलो. अवंतिका ओट्याशी चपात्या लाटत होती. वाऱ्यानं गॅस विझतो म्हणून खिडकी लावलेली.

"कसला ओ वास हा? घसा खवखवायलाय माझा."

"दहा मिनिटं थांब की," म्हटलं. ती थांबली.

दुपारी तिला हुडहुडी भरली. या उन्हात! दोन चादरी घातल्या तरी दात वाजतायत. खोकला. ताप एकशेदोन. "तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं लागतंय," म्हणते. माझ्याही तोंडाला तीच चव. काल शिळं काही खाल्लं का, आठवत बसलोय.

१७ मे, शुक्रवार

सकाळी जिना उतरताना तिसऱ्या पायरीवरच बसली. धाप. रिक्षातनं दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन शहाऐंशी. सरळ आयसीयूत घेतलं. छातीचा फोटो काढला — दोन्हीकडं पांढुरकं.

डॉक्टरबाई बाहेर येऊन विचारत होत्या, "घरात काही फवारलं होतं का? झुरळाचं औषध, ॲसिड, रंग?" नाही म्हटलं. खरंच तेव्हा काही सुचलं नाही.

दुपारी नृसिंहचा फोन — कोरल कशी आहेत म्हणून. म्हटलं, कोरल सोड, काल दगड उकळले तेव्हापासनं बायको आजारी आहे.  तो ओरडलाच.

"उकळलास? काय करून बसलास रे! त्यात विष असतंय. वाफ छातीत गेली की संपलं!"

"मग आधी का बोलला नाहीस?"

"तू उकळशील असं मला काय माहीत? आणि ऐक, विश्वा — डॉक्टरला काय बोलू नको. कोरल विकायला-पाळायला बंदी आहे, त्या मालाला कागदं न्हाईत. वनखातं आलं की दोघंबी आत."

फोन ठेवला. डॉक्टरबाई समोरून गेल्या. चार पावलांवरून. मी उठलो नाही.

१८ मे, शनिवार

अजून सांगितलं नाही. लिहितानाही लाज वाटतेय. नोकरी जाईल. पेपरात फोटो येईल. कायदा नक्की काय आहे ते मोबाईलवर वाचायला घेतलं आणि दोन ओळींत बंद केलं. अँटिबायोटिक चालू आहे, गुण येईल — मीच मला समजावतोय.

राजनंदिनी सुट्टीला चंदगडला मामाकडं आहे. तिचा फोन. "पप्पा, मम्मीला दे की."

"झोपलीय."

"कालबी झोपलीच होती!"

संध्याकाळी काचेतून पाहिलं. दर श्वासाला तिच्या गळ्याखाली खळगा पडतोय. मोजत उभा राहिलो. मिनिटाला अडतीस. देवा, आपोआप बरी होऊ दे तिला. मला बोलायला लावू नको.

१९ मे, रविवार

सांगितलं.

सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, आज सुधारणा नाही तर उद्या व्हेंटिलेटर. आणि माझं तोंड सुटलं. दगड, वाफ, विष, कागदं नाहीत — सगळं. नृसिंहचं नावसुद्धा. "मला पोलिसात द्यायचं तर द्या."

त्यांनी केसपेपर उघडला. "हे कधी कळलं तुम्हाला?"

"शुक्रवारी दुपारी."

"आज रविवार आहे."

एवढंच बोलल्या. आत गेल्या. पुण्याला कुणाला तरी फोन लावला, औषधं बदलली. या विषाला उतारा नाही म्हणे. स्टेरॉइड, ऑक्सिजन आणि वाट बघणं.

२० मे

व्हेंटिलेटर टळला. आजच्यापुरता. ऑक्सिजन एकोणनव्वद.

२१ मे

ब्याण्णव. तिचे कपडे आणायला घरी गेलो होतो. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबलो. आत टाकीचा पंप घरघरत होता. जिवंत असतील, नसतील — बघायची हिंमत झाली नाही. माझ्याच घराची भीती वाटते! कुलूप लावलं. शेजारणीचाच एक गाऊन मागून आणला.

२४ मे, शुक्रवार

तिला साध्या खोलीत आणलं. आवाज बसलाय, कान तोंडाशी न्यावा लागतो. सगळं कबूल करायचं ठरवून खुर्ची ओढली, तेवढ्यात तीच बोलली — "सिस्टरनं विचारलेलं मला, पहिल्या दिवशी. घरात काय झालं म्हणून. मी काहीच नाही म्हटलं. त्या कोरलवरनं तुम्हाला धरून नेतील, अशी भीती वाटली."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"वाफ घशात गेली तेव्हाच."

मग मी माझे ते दोन दिवस सांगितले. कुणासाठी गप्प होतो, ते तिनं विचारलं नाही.