सही न केलेले तीन कागद

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, सोमवार

प्रिय सोमेश,

शरणार्थ.

तुझं कुरिअर शनिवारी पोहोचलं. आत एक साडी, वर्षाराणीसाठी पेनांचा डबा आणि सहीसाठी तीन छापील कागद. पाकिटावर कुरिअरचे एकशे ऐंशी, आणि एजंटाला दिलेल्या साडेचार हजारांची पावती तू चुकून कागदांतच ठेवलीस. साडीची किंमत फाडलीस खरी, पण पिनेखाली तुकडा राहिला, अठराशे पन्नास. एवढ्या सगळ्या पैशांत आमचा महिन्याचा किराणा येऊन गॅसची टाकीही आली असती रे. साडी मात्र ठेवून घेते. रंग आईच्या आवडीचा आहे, आणि बहिणीने भावाची साडी परत करू नये.

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही. तुझ्या त्या एजंटाचा फोन आला होता. म्हणतो, ताई, तीन ठिकाणी सह्या ठोका, महिन्यात नाव धुऊन देतो. मी म्हटलं, बाबा, नाव म्हणजे काय धोतर आहे का? मी मॅट्रिकच शिकले, पण सही करण्याआधी वाचते. त्यात लिहिलंय, ‘हे कर्ज मी काढलेले नाही, माझ्या नावावर चुकीने दाखवले आहे.’ आता हे कसं लिहू? त्या फायनान्सवाल्याच्या हापिसात पंख्याखाली बसून मीच सही केली होती. तू शेजारी उभा होतास, घाम पुसत. ज्या तळहातावर रोज सकाळी इष्टलिंग घेऊन बसते, त्याच हाताने हे खोटं लिहू म्हणतोस?

तुझा हेतू वाईट नाही, हे मला कळतं. टमटम घ्यायची तेव्हा तुझ्याकडे कमाईचा कागद नव्हता आणि माझ्याकडे पापड-शेवयांच्या धंद्याचा होता, म्हणून गाडीचं कर्ज माझ्या नावावर निघालं. जामीन म्हणून ह्यांनी सही केली. तू पहिल्या दिवशी टमटमला हार घालून नांदेडहून थेट दारात आणलीस, आणि वर्षाराणीला बसवून गंजगोलाईला तीन चकरा मारल्यास. पोरगी अजून ते सांगते. पुढं लॉकडाऊनमध्ये चाकं थांबली, हप्ते थांबले, त्यात तुझा काय गुन्हा? गाडी विकून जमलं तेवढं तू भरलंस, आणि कंपनीने राहिलेले बावीस हजार सोडून दिले. ‘अक्का, मिटलं गं,’ म्हणून तू फोनवर रडलास. मीही सिद्धेश्वराला नारळ फोडला. देवानं सोडवलं, असंच वाटलं मला.

मिटलं नव्हतं, हे आत्ता कळलं. वर्षाराणीला तुझ्याच नांदेडात नर्सिंगला नंबर लागला, हे तुला माहीतच आहे. मागच्या पंधरवड्यात तिच्या शिक्षणकर्जासाठी आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी संगणकावर माझं नाव टाकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. पैसे बुडवले असं लिहिलेलं नव्हतं, पण पुरते फेडले असंही नव्हतं. तडजोडीत कमी भरले, असं होतं. आणि चुकलेला एकेक हप्ता तिथं तसाच उभा. जामीनदार म्हणून ह्यांच्याही नावावर तेच. ह्यांनी उभ्या आयुष्यात दुकानदाराची चार आण्याची उधारी ठेवली नाही. बाहेर येऊन चप्पल घालताना ह्यांना डावी-उजवी कळेना. तुला मात्र एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, लिहिलंय ते खरंच आहे की.

साहेब भला माणूस. चूक असती तर अर्ज करून दुरुस्त झाली असती, म्हणाले, पण खरं आहे ते कोणाला खोडता येत नाही, पैसे घेऊन खोडतो म्हणणारा ठकवतो. तुझे साडेचार हजार त्याच्याकडून मागून घे, लाजू नको. कंपनीने सोडलेले पैसे भरले तर मात्र ‘तडजोड’ जाऊन तिथं ‘पूर्ण फेड’ लागते. मी मागच्या सोमवारी ते बावीस हजार भरून टाकले. दचकू नको, पाटल्या हातातच आहेत. उन्हाळ्याच्या शेवयांचे पैसे होते. अकरा हजार तुझ्या नावे मांडलेत, सवडीने दे. कंपनीकडून काही बाकी नसल्याचा दाखलाही शिक्क्यासकट घेतला. पण चुकलेले हप्ते अजून काही वर्षं दिसणारच. वेळेवर भरत गेलं की हळूहळू त्यांचा जोर कमी होतो म्हणे. होऊ दे. मला काय विमान घ्यायचंय?

पोरीला मात्र थांबता येत नाही. महिनाअखेर फी भरली नाही तर नंबर दुसऱ्याला जाईल. रोज विचारते, आई, काय झालं? मी म्हणते, देवाच्या हातात आहे. खरं म्हणजे देवाच्या नाही, तुझ्या हातात आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. साहेब म्हणाले, आईवडिलांचं जमत नसेल तर त्यांच्या बँकेत सख्खा मामाही सहकर्जदार चालतो, फक्त त्याचं नाव स्वच्छ हवं. तुझं आहे, तम्मा. तुझ्या नावावर कधी कर्जच नव्हतं. जे होतं ते माझ्या नावावर होतं, म्हणून तुझं कोरं राहिलं. टोमणा मारत नाही, देवाची शपथ. उलट बरं वाटतं, की आपल्या दोघांत एकाचं तरी राहिलं. आता कामाला लागलास त्या दुकानाची पगारचिठ्ठीही तुला मिळते. ते नाव पोरीसाठी देशील का? पण आधी शिवकन्येला विचार. भाऊजय म्हणून नव्हे, उद्या पोरीने हप्ता चुकवला तर तुमच्या दोघांच्या संसारावर तो उभा राहील, म्हणून. माझ्याकडे सही मागितलीस तेव्हा मला नाही म्हणायला जागा नव्हती, भाऊ दारात उभा होता. तुला ती जागा मी ठेवते. नाही म्हणालास तरी पंचमीला तुझी वाट बघीन, आणि साडी तीच नेसेन. फक्त फोन करू नको, फोनवर तू ‘बघू अक्का’ म्हणतोस. हो की नाही, एका ओळीत लिही आणि उलट टपाली धाड.

तुझीच,
जगदेवी अक्का